कृष्णाकांठचा एकान्त : मेणवली व महाबळेश्वर येथील दोन भूमिव्यवहार

ऐतिहासिक कागदांच्या शोधांत हिंडणाऱ्या आम्हां मंडळींची एक जुनी खोड आहे. दप्तराचा रुमाल सुटला कीं आमची नजर प्रथम मोहिमेच्या पत्रांकडे जाते. पानिपत, वडगांव, खर्डा असें एखादें नांव दिसलें म्हणजे तो कागद उजेडांत धरावयाचा. आणि चतुःसीमा, पाणी, गवत, झाडें यांची यादी दिसली म्हणजे तो पुन्हां घडी करून तळाशीं ठेवावयाचा. प्रस्तुत लेखांत आम्ही मुद्दाम त्या तळच्या कागदांविषयीं लिहीत आहों.

निमित्त असें कीं, अलीकडे वाईच्या वरच्या अंगास, कृष्णेच्या कांठीं व तिला मिळणाऱ्या ओढ्यांलगत, निवांत जागा विकत घेण्याची हौस फार वाढली आहे. मुंबई-पुण्याकडील गृहस्थ येतात. नदी, झाडी व शांतता पाहून मोहित होतात. आणि सुटीच्या दिवसांत मोकळ्या हवेंत राहावें, पोहावें, डोंगर चढावे एवढ्याच हेतूनें जमीन घेतात. ही हौस गैर नाहीं, आणि नवीही नाहीं. ह्याच खोऱ्यांत १७६८ सालीं आणि १८२९ सालीं विसाव्यासाठीं जागा मिळविण्याचे दोन मोठे व्यवहार झाले. पहिला मेणवलीचा, नाना फडणिसांच्या नांवचा. दुसरा महाबळेश्वरचा, मुंबई सरकार व सातारकर छत्रपति यांच्यामधला. एकाच नदीच्या वरच्या टप्प्यांत घडलेले हे दोन व्यवहार शेजारीं शेजारीं ठेवून पाहिले असतां, एकान्त मिळविला म्हणजे नक्की काय मिळविलें, या प्रश्नावर बराच प्रकाश पडतो, असें आम्हांस वाटतें.

प्रथम स्थळाची ओळख करून घेऊं. कृष्णा जुन्या महाबळेश्वरीं उगम पावते. तेथील देवळांत कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री व गायत्री अशा पांच नद्यांचे प्रवाह दाखविले जातात. सह्याद्रीचा माथा येथें सुमारें ४,५०० फूट उंच असून पावसाळ्यांत दोनशें इंचांहून अधिक पाऊस कोसळतो. डोंगर उतरून कृष्णा जोरच्या खोऱ्यांतून वाहूं लागते आणि धोम व मेणवली या गांवांवरून वाईस पोहोंचते. वाईस तिला घाट भेटतात, देवळें भेटतात, १७६२ सालीं रास्त्यांनीं बांधलेला ढोल्या गणपति भेटतो. तेथें ती यात्रा-उत्सवांनीं गजबजलेली नदी आहे. मेणवली तेथून अवघी दोन मैल. तरी एवढ्याशा अंतरानें नदीचा स्वभाव पालटतो. पात्र वळण घेतें, कांठावर झाडी येते आणि गांवाचा गलबला मागें राहतो. क्षेत्राचें पुण्य हाकेच्या अंतरावर आणि क्षेत्राची गर्दी मात्र दूर, असा हा दुहेरी लाभ आहे. जागा निवडणाऱ्याची दृष्टि येथेंच कळून येते.

बाळाजी जनार्दन भानु ऊर्फ नाना फडणीस यांचा जन्म १२ फेब्रुवारी १७४२ रोजीं साताऱ्यास झाला. हा मुलूख त्यांस परका नव्हता. विशीच्या आंतच ते पानिपतच्या रणांतून कसेबसे परत आले. त्यांच्या मातोश्री त्या धामधुमींत अंतरल्या. ही हकीकत त्यांनीं आपल्या छोट्या आत्मचरित्रांत स्वतःच लिहून ठेविली आहे. पुढें थोरल्या माधवरावांच्या कारकीर्दींत फडावरील त्यांचें वजन वाढत गेलें. १७६८ च्या जून महिन्यांत धोडपच्या लढाईंत रघुनाथरावांचा मोड होऊन ते कैदेंत आले आणि पुण्याच्या कारभाराची घडी नव्यानें बसूं लागली. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत, शके १६९० सर्वधारी नाम संवत्सरीं, औंधचे पंतप्रतिनिधि भवानराव व साताऱ्याचे रघुनाथ घनश्याम मंत्री यांनीं मेणवलीची भूमि नानांस दिली. नाना त्या वेळीं सव्वीस वर्षांचे होते.

प्रतिनिधि आणि मंत्री हीं दोन्हीं छत्रपतींच्या राजमंडळांतलीं मानाचीं पदें. त्यांनीं पेशव्यांच्या फडणिसास जागा कां द्यावी? प्रतिनिधींचा प्रसंग तर ताजा होता. १७६२ सालीं रघुनाथरावांनीं भवानरावांचें पद काढून घेतलें होतें आणि राक्षसभुवनच्या संग्रामानंतर, १७६३ सालीं, तें त्यांस परत मिळालें होतें. ज्याचें पद एका कलमानें जातें व दुसऱ्या कलमानें येतें, त्यास तें कलम धरणाऱ्या हाताची किंमत कळते. फडणिसाच्या हातीं जमाखर्च, नेमणुका व सनदांची नोंद. अशा पुरुषास नदीकांठची निवांत जागा देणें हें औदार्य खरेंच. परंतु तें निव्वळ औदार्य होतें असें मानण्याचें कारण नाहीं. इनामास मोल पडत नाहीं हा समज चुकीचा आहे. तें मोल रुपयांत मोजलें जात नाहीं, एवढेंच. हें आमचें अनुमान आहे व तें अनुमान म्हणूनच वाचकांनीं घ्यावें. पण नानांस मेणवली फुकट मिळाली असें जें सहज म्हटलें जातें, तें आम्हांस पटत नाहीं.

आतां कागदाकडे वळूं. मेणवलीच्या सनदेचा पाठ येथें देण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु पेशवेकालीन इनामपत्रांचा सांचा आमच्या वाचकांच्या परिचयाचा आहे, आणि त्या सांच्यांतील शब्दच आज आम्हांस तपासावयाचे आहेत. गांव किंवा जमीन इनाम देतांना पत्र एकट्या इनामदारास जात नसे. एक पत्र त्यास, एक गांवच्या मोकदमास, एक परगण्याच्या देशमुख-देशपांड्यांस आणि एक वर्तमानभावी अंमलदारांस, अशीं पत्रें निघत. जमीन दिली ही गोष्ट ज्यांस ज्यांस लागू, त्या सर्वांच्या कानावर ती घातली जाई. दरवर्षीं नवें पत्र मागूं नये, नक्कल लिहून घेऊन अस्सल पत्र इनामदाराजवळ भोगवट्यास परत द्यावें, अशी आज्ञाही शेवटीं असे. ह्या एका आज्ञेमुळें हजारों अस्सल कागद घरोघरच्या पेट्यांत राहिले, आणि संग्राहकांची पिढी त्यांवर पोसली गेली.

मुख्य दानवाक्य सर्वांस पाठ आहे : ‘जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधि, निक्षेप’ यांसहित, आणि ‘खेरीज हक्कदार व इनामदार करून’. पहिला भाग मोठ्या थाटाचा असल्यामुळें तोच लक्षांत राहतो. पाणी आलें, झाडें आलीं, गवत आलें, लांकूड आलें, दगड आले. जमिनींत पुरलेलें धन सांपडलें तर तेंही आलें. आज नदीकांठीं जागा घेणाराच्या मनांत जें जें असतें, तें तें या एका ओळींत मोजून ठेविलें आहे. दुसरा भाग मात्र लहान व कोरडा. त्याचा अर्थ इतकाच कीं, या भूमींत ज्यांचे हक्क पूर्वींपासून चालत आले आहेत, ते या दानांतून वगळले आहेत. पाटलाचा मान, कुळकर्ण्याचें वतन, देवाच्या दिवाबत्तीची जमीन, महारांची हाडकी, पूर्वींचें एखाद्या ब्राह्मणाचें वा फकिराचें इनाम, यांपैकीं कांहीं एक नव्या धन्याच्या स्वाधीन होत नसे. देणारा राजा असो वा प्रतिनिधि, जें दुसऱ्याचें आहे तें मी देत नाहीं, असें तो कागदावर लिहून मोकळा होई.

हीच गोष्ट खरेदीच्या कागदांत अधिक स्पष्ट दिसते. मिरासीची जमीन विकावयाची म्हणजे ती दोघांतली गोष्ट नसे. विकणारा आपली अडचण सांगे, मोल सांगे, चतुःसीमा सांगे. भाऊबंद व शेजारी हजर असत. गांवचें गोत बसे. कुळकर्णी कागद लिही आणि पाटील त्यावर नांगराची निशाणी करी. बलुतेदारही आपापल्या धंद्याच्या निशाण्या करीत. शिंवेचा तंटा पडला तर महाराची साक्ष वजनदार मानली जाई, कारण शीव राखणें हें त्याचें काम. ज्या कागदावर नांगर आहे, त्या कागदामागें एक आख्खी पांढरी उभी आहे, असें समजावें. निर्जन दिसणाऱ्या ओढ्याकांठच्या तुकड्यासही चार बाजूंनीं चार नांवें असत. ‘पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक’ हें वाक्य लिहिल्याशिवाय जागा ही जागाच ठरत नसे.

तथापि जुन्या काळाची वाजवीपेक्षां अधिक स्तुति करणें हें संशोधकाचें काम नव्हे. ‘हक्कदार’ या शब्दाची मर्यादाही सांगितली पाहिजे. ज्याच्याजवळ वतन होतें, ज्याच्याजवळ कागद होता, किंवा ज्याची साक्ष गोतानें मान्य केली असती, तोच या शब्दाच्या छायेंत येई. उपरी कुळ, रानांत गुरें घेऊन फिरणारा धनगर, डोहांत जाळें टाकणारा कोळी, मोळी विकून पोट भरणारी बाई, यांच्या नांवें कागद नसे. ‘तृण’ व ‘काष्ठ’ इनामदाराचें झालें म्हणजे तें त्यांचें उरलें किंवा नाहीं, हें इनामदाराच्या मर्जीवर राही. म्हणून आम्ही एवढेंच म्हणतों : जुन्या पत्रानें सर्वांस न्याय दिला असें नाहीं, परंतु भूमि रिकामी असते असें खोटें मात्र तें कधीं बोललें नाहीं.

मेणवली हातीं आल्यावर नानांनीं तेथें वाडा बांधिला, कृष्णेस घाट बांधिला आणि विष्णु व मेणेश्वर अशीं दोन देवालयें उभारलीं. वाडा, घाट आणि देऊळ या त्रयीचा अर्थ लक्षांत घेण्याजोगा आहे. वाडा स्वतःसाठीं; देऊळ देवासाठीं; आणि घाट? घाट हा नदीचा दरवाजा. तो बांधणाराचा असला तरी बंद करतां येत नाहीं. मेणवलीचा घाट चंद्रकोरीसारखा वळलेला असून त्याच्या पायऱ्यांवर उतरणारास मज्जाव करण्याची सोय त्या बांधणींत नाहीं. वाड्यास सहा चौक, भोंवतीं भक्कम भिंत, आंत भिंतींवर चित्रें. हा एकान्त झाला. पण नदीकडील बाजू मोकळी. घाटावरील लहानशा घुमटींत वसईच्या मोहिमेंतून आलेली म्हणून प्रसिद्ध असलेली फिरंगी घंटा टांगलेली आहे. विसाव्याच्या जागींही लढायांच्या खुणा येऊन बसतात त्या अशा.

त्या काळीं विश्रांति हा शब्द आजच्याहून वेगळ्या अर्थानें वापरला जाई. पुण्यास पेशव्यांचे हिराबाग होते, पर्वतीच्या तळ्यांतील बाग होती. पुढें दुसऱ्या बाजीरावांनीं भीमेच्या कांठीं फुलगांवास वाडा केला. तेथें फिरणें, जेवणावळी, करमणुकी होत. परंतु नदीकांठचा विसावा म्हटला म्हणजे त्यांत स्नान-संध्या, देवदर्शन व दानधर्म हे यावयाचेच. करमणूक, प्रकृति आणि पुण्य यांचीं तीन खातीं वेगळीं पडलीं नव्हतीं. म्हणूनच एकान्ताच्या जागीं घाट बांधावा हें कोणास विचित्र वाटलें नाहीं.

नानांस या एकान्ताचा उपभोग पुरता मिळाला नाहीं. सवाई माधवराव २७ ऑक्टोबर १७९५ रोजीं वारले आणि वारशाचें कारस्थान सुरू झालें. १७९६ सालीं नाना पुण्याहून निघून साताऱ्यास, तेथून वाईस आणि प्रसंग कठीण दिसतांच घांट उतरून महाडास गेले. निवांतपणासाठीं निवडलेलें खोरें संकटकाळीं कोंकणांत उतरण्याच्या वाटेवर पडतें, हा योगायोग असो वा दूरदृष्टि, त्या वर्षीं तो उपयोगीं पडला. १७९७ च्या अखेरच्या दिवशीं ते शिंद्यांच्या कैदेंत पडले, पुढील वर्षीं सुटले आणि १३ मार्च १८०० रोजीं पुण्यास वारले. त्यांच्या मागें जिऊबाईंस बाजीरावाच्या भयानें लोहगडचा आश्रय धरावा लागला. इंग्रजांच्या मध्यस्थीनें त्या तेथून निघाल्या आणि पुढें मेणवलीस राहूं लागल्या. राज्य गेलें, फड गेला; नदीकांठचा वाडा राहिला.

आतां दुसरा व्यवहार. १८१८ सालीं पेशवाई बुडाली व प्रतापसिंह छत्रपति साताऱ्याच्या गादीवर स्थापित झाले. साताऱ्यास असलेल्या फौजेंतील लॉडविक नांवाचा अधिकारी १८२४ सालीं महाबळेश्वरच्या पठारावर चढला व तेथील हवेची वाखाणणी त्यानें वृत्तपत्रांतून केली. पुढें साताऱ्याचे रेसिडेंट ब्रिग्ज यांनीं तेथें घर बांधलें आणि छत्रपतींकडून साताऱ्यापासून वर रस्ता करवून घेतला. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन मालकम यांनीं १८२८ सालीं ती जागा पाहून आजारी शिपाई व अंमलदार यांच्या हवापालटासाठीं तेथें वसाहत करण्याचें ठरविलें. १६ मे १८२९ रोजीं, शके १७५१ विरोधी नाम संवत्सरीं, तह होऊन महाबळेश्वरचा टापू इंग्रजांकडे गेला आणि त्याच्या मोबदल्यांत वाई प्रांतांतील खंडाळा गांव छत्रपतींस मिळालें. नव्या वस्तीस मालकम पेठ हें नांव छत्रपतींनींच दिलें.

हा व्यवहार इनाम नव्हे, रोख खरेदी नव्हे, तर बदला होय. एक पिकाऊ गांव घ्यावें आणि एक पावसानें झोडपलेलें रान द्यावें, हा सौदा त्या दिवशीं साताऱ्याच्या बाजूनें तोट्याचा दिसला नसेल. रानाची किंमत त्याच्या उत्पन्नावर ठरवावयाची झाली तर महाबळेश्वर काय देणार होतें? परंतु हवा, सावली आणि नदीचा उगम यांस बाजारभाव येण्याची ही सुरुवात होती. आणि ज्यास तो भाव आधीं कळला, त्यानें तें रान घेतलें.

तह दोन सरकारांमधला. त्याच्या वाटाघाटींत पठारावर राहणारे लोक पक्षकार नव्हते. आणि पठार तर ओसाड नव्हतें. तेथें कोळी व कुणबी होते, धनगर होते, आणि खनिज दगडांतून लोखंड गाळणारे धावड होते. जुन्या महाबळेश्वरच्या देवळांत गुरवांचे आणि कोळी घराण्यांचे वंशपरंपरेचे मान होते. ६ जानेवारी १६६५ रोजीं शिवछत्रपतींनीं जिजाबाईंची तुला ज्या क्षेत्रीं केली, तें हेंच क्षेत्र. देवळांची व्यवस्था पुढें चालू राहिली; देवळास कागद होता, परंपरा होती. धावडांच्या भट्टीस मात्र लांकडाचा कोळसा लागे. पुढें जंगलाचे निर्बंध आले, कोळसा महागला, परदेशचें लोखंड स्वस्त झालें, आणि ती भट्टी विझली. डोंगरउतारावरील कुमरीची शेतीही निर्बंधाखालीं आली. या सर्वांचें पाप १८२९ च्या तहावर टाकणें अन्यायाचें होईल. कारणें अनेक होतीं. परंतु हवा खाण्यास येणाऱ्यांच्या दृष्टीस झाडी दिसे आणि झाडींतला धूर खुपे, हें मानल्यावांचून त्या शतकाचा इतिहास उलगडत नाहीं.

नांवांकडे पाहिलें तरी तेंच दिसतें. कड्यांस व टोंकांस एकामागून एक साहेबांचीं नांवें पडलीं. लॉडविकच्या नांवाचें टोंक व त्यावरील स्मारकस्तंभ आजही आहे. वेण्णेवर १८४२ सालीं जें तळें झालें तें साताऱ्याच्या अप्पासाहेब महाराजांनीं बांधविलें. तळें छत्रपतींच्या पदराचें आणि त्याच्या कांठची हवा मालकम पेठेची, अशी ही वांटणी होती. पुढें १८४८ सालीं साताऱ्याचें राज्यच खालसा झालें आणि बदल्यांत मिळालेलें खंडाळाही इंग्रजांकडे गेलें. एकूण बदल्याचा हिशेब वीस वर्षांच्या आंत एकतर्फीच उरला.

मेणवली आणि महाबळेश्वर यांतील भेद आम्हांस असा दिसतो. मेणवलीस घेणारा एक पुरुष होता. तो त्या गांवचा झाला, त्यानें नदीस घाट दिला आणि त्याच्या वंशजांचा वाडा आजही गांवच्या मध्यें उभा आहे. महाबळेश्वरीं घेणारी एक सत्ता होती. तिचीं माणसें ऋतूपुरतीं येत व पावसाआधीं उतरून जात. पहिल्या प्रकारच्या कागदांत शेजाऱ्यांची नांवें येणें अपरिहार्य होतें, कारण त्यांच्याशेजारीं राहावयाचें होतें. दुसऱ्या प्रकारांत नकाशावरची रेघ पुरे. एकान्त शोधणाराचा खरा प्रश्न, जागा किती निर्जन आहे, हा नसून जेथें जावयाचें तेथील माणसांशीं आपलें नातें काय राहील, हा आहे.

यानंतर इंग्रजी अमलांत भूमीच्या कागदांनीं नवें रूप घेतलें. १८५२ च्या कायद्यानें इनाम कमिशनला बळ आलें व दक्षिणेंतील इनामदारांस आपापल्या सनदा पुढें आणून हक्क शाबीत करावे लागले. ज्यानें कागद जपला तो तरला. ज्याचा वाळवीनें खाल्ला तो बुडाला. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्यानें नद्या, ओढे, त्यांचीं पात्रें आणि त्यांतील पाणी, दुसऱ्या कोणाचा हक्क शाबीत नसेल तेथें, सरकारचें ठरविलें. महाराष्ट्राच्या १९६६ च्या कायद्यानें तेंच तत्त्व पुढें चालविलें. म्हणजे सनदेंतील पहिलाच शब्द, ‘जल’, खरेदीखतांतून गळाला. आज कृष्णेकांठीं जागा घेणारा कांठ घेतो, नदी घेत नाहीं. १९४८ च्या कुळवहिवाट कायद्यामुळें, जो शेतकरी नाहीं त्यास परवानगीवांचून शेतजमीनही घेतां येत नाहीं. आणि महाबळेश्वर-पांचगणीचा टापू १७ जानेवारी २००१ रोजीं केंद्र सरकारनें पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केल्यापासून तेथील तृण, काष्ठ व पाषाण यांसही बंधनें आलीं आहेत. वरच्या अंगास धोमचें धरण झाल्यानें कृष्णेचें पाणी केव्हां व किती खालीं यावें हेंही आतां माणूस ठरवितो. एकेक करून त्या थाटाच्या ओळींतील बहुतेक शब्द धन्याच्या हातून निसटले आहेत.

परंतु दुसरा, कोरडा भाग टिकला आहे, आणि हेंच आम्हांस विशेष सांगावयाचें आहे. सातबाराच्या उताऱ्यावर ‘इतर अधिकार’ म्हणून एक रकाना असतो. कुळाचें नांव, बोजा, वाटेचा हक्क, पाण्याचा हक्क अशा नोंदी तेथें येतात. घेणाराची दृष्टि क्षेत्र व आकार पाहून थांबते आणि हा रकाना बहुधा वकिलावर सोंपविली जाते. तो रकाना म्हणजे ‘खेरीज हक्कदार व इनामदार’ या जुन्या वाक्याचा आजचा वंशज होय. पेशव्यांच्या फडावरील कारकुनानें जें सव्वादोनशें वर्षांपूर्वीं आणि त्याहून आधीं चार शब्दांत लिहिलें, तेंच तो सांगतो : ही जागा तुमची आहे, पण तुमची एकट्याची नाहीं.

आतां संग्राहकांस दोन शब्द. नानांचें खाजगी दप्तर मेणवलीस राहिलें म्हणून वांचलें. राजधानींतील वाडे जळाले, लुटले गेले, विकले गेले. १८२८ सालीं शनिवारवाडा आगीनें गिळला. हा आडगांवचा वाडा मात्र कोणाच्या वाटेंत आला नाहीं. पुढें रावबहादुर दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनीं मेणवलीच्या कागदांचें महत्त्व ओळखून ते मिळविले, त्यांतील पुष्कळसे १९०८ पासून निघालेल्या आपल्या ‘इतिहाससंग्रहां’त छापले आणि साताऱ्यास संग्रहालय उभारलें. तो संग्रह १९३९ सालीं पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत आला. मराठ्यांच्या उत्तरकालीन राजकारणाचा जो इतिहास आज लिहिला जातो, त्याचा मोठा आधार नदीकांठच्या विसाव्याच्या एका जागेनें सांभाळला आहे. एकान्ताचें याहून मोठें फळ आम्हांस ठाऊक नाहीं.

पण जें राजकारणी पत्रांच्या वांट्यास आलें, तें जमिनीच्या कागदांच्या वांट्यास येत नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं एका संग्राहकांच्या घरीं आम्हीं एक गांठोडें पाहिलें. रद्दीवाल्याकडून घेतलेल्या त्या गांठोड्यांतील लढाईचा उल्लेख असलेलीं तीन पत्रें त्यांनीं कांचेंत बसविलीं होतीं. उरलेले कागद कोठें, असें विचारतां, ‘शेताबांधाचे होते, काय करावयाचे,’ असें उत्तर मिळालें. ते परत गेले होते. त्यांत एक अर्धा फाटका तुकडा चुकून राहिला होता. त्यावर ‘पाणवठ्याची वाट पूर्वापार चालत आहे तैसी चालवावी’ इतकेच शब्द वाचतां येत होते. कोणत्या गांवची वाट, कोणत्या नदीचा पाणवठा, हें सांगणारा भाग रद्दींत गेला. त्या तीन पत्रांनीं लढाईविषयीं आम्हांस नवें कांहीं सांगितलें नाहीं. हा तुकडा मात्र मनांतून जात नाहीं. कारण ती वाट आज कोणी तारेनें अडविली असेल, तर ती खुली करण्यास लागणारा कागद आपणच गमावला आहे.

म्हणून आमची विनंति अशी. ज्यांच्या पदरीं मोडी दप्तरें आहेत त्यांनीं मिरासपत्रें, महजर, शिंवेचे करीने, पाणवठ्याच्या व वाटांच्या तंट्यांचे निवाडे यांस राजकारणी पत्रांइतकेंच जपावें. निदान त्यांच्या नकला व छायाचित्रें गांवाच्या नांवासह करून ठेवावीं. आणि ज्यांस कृष्णेकांठीं वा अन्य कोणत्याही नदीकांठीं विसाव्यासाठीं जागा घ्यावयाची आहे, त्यांनीं खुशाल घ्यावी. मोकळी हवा, पोहणें व डोंगर चढणें यांसारखें आरोग्य दुसरें नाहीं. मात्र त्यांनीं गांवच्या म्हाताऱ्यास विचारून चतुःसीमा पायांखालीं घालावी, ‘इतर अधिकार’ वाचावे, आणि नदीकडे जाणारी जी वाट पूर्वापार असेल ती तशीच राहूं द्यावी. मेणवलीचा वाडा पाहण्यास आज परवानगी लागते. घाटावर उतरण्यास अडीचशें वर्षांत कोणास विचारावें लागलें नाहीं. नाना फडणिसांसारख्या हिशेबी पुरुषानें आपल्या एकान्ताची ही एक बाजू मोकळी ठेविली, याची नोंद आमच्या त्रैमासिकांत असावी एवढ्यासाठीं हा लेख.